पाण्यातली ठेव

लहानपणी जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या आमच्या घरात उन्हाळा वाळ्याच्या वासाने यायचा. दुपारी आजी ताटीवर पाणी मारायची आणि अंग भाजणारी लू आत गार झुळूक होऊन यायची. एवढं ऊन गेलं कुठे, असं विचारलं की ती म्हणायची, ‘पाण्यानं पिऊन टाकलं रे.’

त्याचा हिशेब शाळेत उमगला. 1 ग्रॅम पाणी 0 अंशांवरून उकळीला आणायला 100 कॅलरी लागतात. त्याची वाफ करायला आणखी 540, आणि तेवढ्या वेळात पारा तसूभरही चढत नाही. 18व्या शतकात जोसेफ ब्लॅकने ही दडलेली उष्णता ओळखली. ती नाहीशी होत नाही. वाफेचं पुन्हा पाणी झालं की हवेला परत मिळते. आषाढातले ढग याच उष्णतेच्या जोरावर उंच चढतात.

थंडीत मावठा, म्हणजे हिवाळी पाऊस, होऊन आभाळ निवळलं, वारा पडला की रात्री जमीन भराभर निवते. पहाटे अंगणातल्या सायकलच्या सीटवर थेंब साचलेले असायचे. ओसरीतली सायकल मात्र कोरडी. उघड्या आभाळाखालची वस्तू आपली ऊब सोडून जास्त गार होते, छपराखालची तेवढी होत नाही. दव धरताना आणि ग्वारीघाटावर धुकं दाटताना वाफ आपली ठेव परत करते, म्हणून पुढे गारठा सावकाश वाढतो. सकाळी तेच धुकं विरायला सूर्याची उष्णता खर्ची पडते.

पुढे जवळच्या पाटणकडे मित्राच्या मटाराच्या शेतात हीच गोष्ट जीव मुठीत धरून पाहिली. पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडायची लक्षणं दिसली की तिथे पिकाला हलकं पाणी देतात. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते आणि पाणी गोठू लागलंच, तर ग्रॅममागे 80 कॅलरी सोडतं. सकाळी शेंगा हिरव्यागार पाहून मित्राचे डोळे भरून आले होते.

‘बावन ताल’, म्हणजे बावन्न तलाव, मिरवणाऱ्या या जबलपूर शहरात हाथीताल, मढातालच्या जागी आज वस्ती आहे. उन्हाळ्याची धग पिणारं पाणी आपणच बुजवलं. उरलेल्या तलावांत भराव टाकणं थांबलंच पाहिजे. आजीच्या ताटीचं काम अख्ख्या शहरासाठी तेच करतात.