महालक्ष्मीच्या मैदानावर बिद्रीची वही

मैत्रिणींनो, आम्हां कोल्हापूरकरांना महालक्ष्मी म्हटलं की एकच आठवते, ती म्हणजे आमची अंबाबाई. नवरात्रात पायी, एरवी एसटीने; पण बिद्रीहून कोल्हापूरला गेलं आणि देवळात डोकावलं नाही असं सहसा होत नाही. अशी मी, गेल्या जानेवारीत मुंबईच्या महालक्ष्मीला जाऊन आले, आणि तेही घोड्यांच्या शर्यती बघायला! ऐकून आमच्या शाळेतल्या बाईंनी तोंडाला पदरच लावला. म्हणून म्हटलं, सगळं नीट लिहूनच काढावं. कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

आमचं बिद्री कागल तालुक्यात, कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर. गावाचं नाव बाहेर ठाऊक आहे ते दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यामुळे. दिवाळीनंतर धुराडं पेटलं की सगळ्या शिवाराला गोडसर, आंबूस वास सुटतो. रस्त्याने उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, तोडकऱ्यांच्या खोपी. घरोघरी बोलणं एकच, तोड कधी मिळाली आणि बिल कधी जमा होणार! आमचा ऊस सासूबाईंच्या नावावर. बिल आलं की त्या त्याचे वाटे करतात. एक आमचा, एक मुंबईच्या धाकट्या दिरांचा, आणि एक त्यांच्या औषधपाण्याचा.

ह्या दिवाळीला भावोजी आले ते वेगळ्याच गोष्टी सांगत. दर रविवारी ते रेसला जातात हे आम्हांला उडत उडत कळलं होतंच. जेवता जेवता स्वतःच म्हणाले, "वहिनी, मी काही जुगारी नाही. मी इच वे खेळतो. त्यात पैसे बुडत नाहीत. घोडा पहिला आला तर उत्तमच, नाही तर दुसरा-तिसरा आला तरी पैसे परत." आणि मग हळूच, ह्या वेळचा उसाचा वाटा सगळाच हातात द्या, असं सासूबाईंना म्हणाले.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री भांडी घासताना मात्र मला म्हणाल्या, "पोरी, त्यो म्हणतोय पैसं बुडत न्हाईत. आगं, बुडत न्हाईत तर मग गेल्या वर्साचं गेलं कुठं? तू गणित शिकवतीस न्हवं? जा आनि बघून ये."

मी तासिकेवर गणित शिकवते, आठवी-नववीला. टक्केवारी आणि नफा-तोटा हा माझ्या हातखंड्याचा भाग. तरी रेसचं गणित मला कुठलं येणार? पण सासूबाईंनी पहिल्यांदाच माझ्या बी. ए.वर असा भरवसा टाकला होता! ह्यांनी तिकीट काढून दिलं, मुलांना सासूबाईंकडे ठेवलं आणि शनिवारी रात्री मी कोल्हापुरातून गाडीत बसले. गाडीचं नावही महालक्ष्मी एक्स्प्रेस. म्हणजे महालक्ष्मीच्या गावाहून महालक्ष्मीत बसून महालक्ष्मीलाच!

सकाळी भावोजी दादरला घ्यायला आले होते. आधी देवीचं दर्शन घ्यायचं, मग शर्यती, अशी मी अटच घातली होती. मुंबईची महालक्ष्मी समुद्राकाठी. महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती अशा तिघी शेजारी शेजारी. बाहेर खाऱ्या वाऱ्याने पदर सावरेना. दुपारी महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून धोबीघाट पाहिला. दगडी हौदांच्या रांगा आणि दोरीवर वाळणारे कपडेच कपडे! पुलाच्या एका अंगाला दिवसभर घाम गाळणारी माणसं, आणि दुसऱ्या अंगाला शर्यतीचं हिरवंगार मैदान. मुंबईत एवढी मोकळी जमीन असेल असं मला वाटलंच नव्हतं.

हे मैदान 1883 सालचं. खुश्रू वाडिया ह्या पारशी गृहस्थांनी जागा दिली, आणि आखणी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या कॉलफिल्ड मैदानासारखी केली. त्याआधी मुंबईच्या शर्यती भायखळ्याला होत. कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा. पावसाळ्यात शर्यती पुण्याच्या लष्कर भागातल्या मैदानावर, आणि नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईला. म्हणजे बघा, आमचा गाळपाचा हंगाम आणि ह्यांचा हंगाम एकाच वेळी! तिकडे उसाचं बिल जमा होतं, त्याच दिवसांत इकडे खिडक्या उघडतात. 2024 साली सरकारने ठरवलं, की ह्या मैदानाची 120 एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी पालिकेला द्यायची आणि 91 एकर क्लबकडे ठेवायची.

इथली सगळ्यांत मानाची शर्यत इंडियन डर्बी, 2400 मीटरची. ती पहिल्यांदा 1943 साली झाली आणि जिंकली कोणी, तर प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या, बडोद्याच्या महाराजांच्या घोडीने! हे ऐकून मला उगीचच बरं वाटलं.

शर्यतीआधी घोडे एका कुंपणात गोल फिरवतात. काय ती जनावरं! अंग असं तुकतुकीत, की तेल लावून पुसल्यासारखं. बैलगाड्यांच्या शर्यती आम्ही लहानपणापासून पाहिलेल्या. 2014 साली सुप्रीम कोर्टाने त्या बंद केल्या आणि 2023 च्या मे महिन्यात पुन्हा मान्यता दिली, तेव्हा आमच्याकडे गुलाल उधळला होता. त्यामुळे जनावरावर जीव लावणारा माणूस मला परका वाटत नाही. पण इथे कुंपणाभोवतीचे लोक घोड्याकडे कमी आणि हातातल्या पुस्तकाकडे जास्त बघत होते. पुस्तकात घोड्याच्या मागच्या धावा, जॉकी, पाठीवरचं वजन, सगळं छापलेलं. चांगल्या घोड्याला जास्त वजन देतात, म्हणजे शर्यत अटीतटीची होते. ह्या अभ्यासामुळेच 1996 साली सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नसून कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला. भावोजींनी तो मला दोनदा ऐकवला!

आता मुद्द्याचं. 'इच वे' म्हणजे काय? मैत्रिणींनो, हे नाव एकाच तिकिटासारखं वाटतं ना? तिथेच खरी मेख आहे. ते एक नाही, दोन तिकिटं आहेत. एक 'विन'चं, म्हणजे घोडा पहिलाच आला पाहिजे. दुसरं 'प्लेस'चं, म्हणजे तो पहिल्या दोघा-तिघांत आला तरी चालेल. "शंभर रुपये इच वे" म्हटलं की खिशातून शंभर नाही, दोनशे जातात.

ही रीत मूळची इंग्लंडची. तिथले बुकी आधी भाव सांगतात, आणि प्लेसच्या तिकिटाला त्या भावाचा ठरावीक हिस्साच देतात. साध्या शर्यतीत चारापर्यंत घोडे असले तर प्लेस नाहीच. पाच ते सात असतील तर पहिले दोन धरायचे, भावाच्या पाव हिश्श्याने. आठ किंवा जास्त असतील तर पहिले तीन, पण पाचव्या हिश्श्याने.

मी गाडीतच वहीवर हिशेब मांडला होता. समजा दहा घोडे आहेत आणि आपल्या घोड्याचा भाव एकाला आठ. शंभर अधिक शंभर लावले. घोडा पहिला आला, तर विनचे आठशे आणि मूळचे शंभर, नऊशे. प्लेसला आठाचा पाचवा हिस्सा, म्हणजे एकशेसाठ आणि मूळचे शंभर, दोनशेसाठ. एकूण अकराशेसाठ. दोनशे वजा जाता नफा नऊशेसाठ. छान! तोच घोडा तिसरा आला तर विनचे शंभर गेले, प्लेसचे दोनशेसाठ आले. नफा साठ. हेही ठीक.

आता लोकांचा लाडका, भरवशाचा घोडा घ्या. भाव एकाला तीन. तो तिसरा आला तर प्लेसचे साठ आणि मूळचे शंभर, एकशेसाठ. खिशातून गेले होते दोनशे. म्हणजे घोडा आला, आपण टाळ्या वाजवल्या, आणि चाळीस रुपये गेले! पाचवा हिस्सा असेल तर भाव एकाला पाचाच्या वर असल्याशिवाय नुसत्या प्लेसने पैसे सुटत नाहीत. आणि एवढा भाव ज्या घोड्याला मिळतो, तो येण्याची खात्री कमी म्हणूनच मिळतो. बुकी काही आपले मामा नव्हेत.

आपल्याकडे बुकींच्या जोडीला टोटच्या खिडक्या असतात. तिथे भाव आधी ठरत नाही. सगळ्यांचे पैसे एका भांड्यात जमतात, त्यातून कर आणि क्लबचा वाटा काढतात आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. आपल्या भिशीसारखंच, फक्त भिशीत पाळी सगळ्यांची येते, इथे येत नाही. समजा प्लेसच्या भांड्यात बारा हजार जमले आणि कापून नऊ हजार उरले. तीन घोडे आले, तर ढोबळ मानाने प्रत्येकाच्या वाट्याला तीन हजार. लाडक्या घोड्यावर दोन हजारांची तिकिटं असतील, तर दहा रुपयांना पंधराच. आणि विनचे दहा गेलेले असतात ते वेगळेच! कराचं म्हणाल, तर 1 ऑक्टोबर 2023 पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. म्हणजे घोडा धावायच्या आधीच सरकार पुढे निघून गेलेलं असतं.

भावोजी त्या दिवशी सहा शर्यती खेळले. दर वेळी विनचं शंभर आणि प्लेसचं शंभर. मी काही बोलले नाही, नुसती वहीत लिहीत गेले. पहिली शर्यत, काही नाही. दुसरीत घोडा दुसरा आला, मिळाले एकशेसत्तर. "बघा वहिनी, आला की नाही!" तिसरी कोरडी. चौथीत घोडा तिसरा, दोनशेचाळीस. पाचवी कोरडी. सहावीत घोडा पहिला! विनचे अडीचशे आणि प्लेसचे एकशेतीस.

खरं सांगायचं, तर एक तिकीट मीही काढलं. चौथ्या शर्यतीत, एका तांबूस घोडीवर, लहानसं, प्लेसचं. शर्यत बाराशे मीटरची, सारा खेळ जेमतेम सव्वा मिनिटाचा. शेवटच्या वळणावर सगळे घोडे एकत्र आले, टापांचा आवाज जमिनीतून पायात शिरला, आणि मी, दोन मुलांची आई, बाकावर उभी राहून ओरडत होते! घोडी तिसरी आली. परत आलेले पैसे चहालाही पुरले नसते. पण छातीत असं काही धडधडलं, की पुढच्या शर्यतीला माझा हात आपणहून पर्सकडे गेला. तेव्हा मला भावोजींचा राग येईनासा झाला, आणि भीती मात्र दुप्पट वाटली.

परत येताना भावोजी खुशीत होते. "सहांतले तीन आले वहिनी. आजचा दिवस आपला." मी वही पुढे केली. गेले बाराशे. आले एकशेसत्तर, दोनशेचाळीस आणि तीनशेऐंशी, म्हणजे सातशेनव्वद. चारशेदहा रुपये कमी.

त्यांनी बेरीज पुन्हा केली. मग खिसा चाचपला. मग बराच वेळ लोकलच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. दादर आल्यावर म्हणाले, "मी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. आला की लक्षात राहायचं, गेला की विसरायचो."

आमच्या खासबाग मैदानात कुस्ती निकाली होते. पडला तो पडला, सगळ्यांसमोर पाठीला माती लागते. इच वेमध्ये मात्र पाठीला माती लागूनही माणसाला आपण जिंकलो असं वाटतं, हाच त्यातला धोका.

भावोजींनी रेस सोडली, असं मी सांगणार नाही. ते खोटं होईल. पण उसाचा वाटा ह्या वेळी पुतणीच्या नावाने पोस्टात गेला, आणि तसं त्यांनी स्वतःच सासूबाईंना फोनवर सांगितलं. आता ते महिन्यातून एकदाच जातात, ठरलेली रक्कम घेऊन, आणि रात्री मला हिशेब कळवतात. बहुतेक वेळा तो वजाच असतो.

तुमच्याही घरी कुणी असं 'सुरक्षित' काही खेळत असेल, तर भांडू नका. भांडणाने माणूस लपवायला शिकतो. एक वही द्या आणि दोनच रकाने आखायला सांगा, गेले आणि आले. दोन्ही तिकिटं 'गेले'मध्ये लिहायची, अर्धी नाही! महिनाअखेरीला बेरीज त्यांनाच करू द्या.

घरी आले तेव्हा सासूबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. "काय गं, बुडत्यात का ऱ्हात्यात?"

"बुडतात, आई. पण जरा सावकाश."

त्यांनी मान हलवली आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.