पोकळ झाडाची किंमत

फाल्गुन सरत आला की तळोद्याच्या उत्तरेचा सातपुडा उघडा पडतो. सागाने पानं टाकलेली, सालईची खोडं उन्हात उजळलेली, मधूनच पळस पेटलेला. खाली सपाटीवर केळीची आणि उसाची हिरवी दाटी, वर ही करडी उतरंड. काठी गावच्या राजवाडी होळीचे ढोल वाजून गेलेले असतात. मोहाचा गोड, जड वास मात्र पायवाटांवर रेंगाळत असतो. मला हे रान याच दिवसांत आवडतं. पानं नसली की झाडाचं वय दिसतं. कुठे फांदी मोडली, कुठे सुतार पक्ष्याने भोक पाडलं, सगळं नजरेत भरतं.

असल्या ढोलींच्या आसऱ्याने इथे रानपिंगळा, एक छोटं घुबड, नांदतो. 1884 नंतर तो कुणी खात्रीने पाहिलाच नव्हता. रिचर्ड मायनर्ट्झहागन या इंग्रज साहेबाने 1914 चा म्हणून एक नमुना पुढे केला होता. तो चोरीचा, जुनाच निघाला. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली, त्या नमुन्यावरचा खोटा पत्ता बाजूला सारला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह त्या शहाद्याजवळ आल्या. तिथे एका निष्पर्ण झाडावर, भर सकाळच्या उजेडात, तो बसलेला होता. पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी या पक्षी-अभ्यासकांच्या पाहणीत तळोदा आणि तोरणमाळच्या रानांतही तो आढळला.

हा पिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो. सरडे, उंदीर, टोळ टिपायला त्याला विरळ रान आणि बसायला मोकळी फांदी हवी. त्याचं सगळं लक्ष जमिनीवर. आणि जमिनीवर याच दिवसांत मोहफुलं पडतात. पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली काडी लावली जाते. त्यात सरडेही जातात, कोवळी रोपंही. पण फुलं वेचणाऱ्या ज्या बाईच्या घरातलं मीठ-तेल यांवर येतं, तिला शहाणपण शिकवून काय होणार? झाडाखाली जाळी किंवा जुनं लुगडं अंथरलं तर फुलं स्वच्छ मिळतात आणि आगही टळते. अशी जाळी हातात देणं हे खरं काम.

या रानावर ओझं मोठं आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात नर्मदाकाठची गावं गेली. त्यांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याची सुमारे 4200 हेक्टर वनजमीन मोकळी केली गेली. त्यातल्या कित्येक तुकड्यांवर आधीपासून आदिवासी नांगर चालवत होते. त्यांचा हक्क मानणारा वनहक्कांचा कायदा आला तो नंतर, 2006 मध्ये. धरण एकीकडे, त्याची किंमत दुसरीकडे. पिंगळ्याने ती रानाच्या रूपात मोजली, माणसांनी जमिनीच्या. तेव्हा जंगल कुणी संपवलं हे विचारताना नुसत्या कुऱ्हाडवाल्याकडे बोट दाखवणं अन्याय आहे.

तरी थोडं काही आपल्याही हातात उरतं. सरपणासाठी पहिली कुऱ्हाड पडते ती वाळलेल्या, पोकळ झाडावर, कारण लाकडाच्या हिशेबात त्याला मोल नसतं. पिंगळ्याचं घर मात्र तेच, आणि तसं झाड घडायला माणसाच्या दोन पिढ्या जातात. रानात असो की शेताच्या बांधावर, ढोली पडलेलं एखादं जुनं झाड उभं राहू द्या.