भरावावरची माणसं

अर्धापूरच्या केळीबागांमधून कालव्याच्या भरावावर चालत निघालं की चैत्रातही अंगाला गार वारा लागतो. इसापूर धरणातून सुटलेलं पैनगंगेचं पाणी शेजारून संथ वाहत असतं. माझं लक्ष मात्र पायाखाली जातं. ही माती कुणीतरी टोपल्याटोपल्यानं इथं आणून टाकली आहे.

मातीकामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले माती वडार गाढवांवरून माती वाहत. 1972 च्या दुष्काळात त्यांच्या जोडीला गावंच्या गावं आली. कालवे, पाझर तलाव, रस्ते, मिळेल ते काम. काल ज्यांच्या खळ्यावर ज्वारीची रास होती, तेही मस्टरवर अंगठा उठवू लागले. त्या पिढीच्या बायका सुकडीची आणि लाल मिलोच्या भाकरीची चव अजून सांगतात. बाभळीला झोळी, झोळीत तान्हं, आणि माय टोपली घेऊन चढणीला. वरची काळी माती लवकर निघे. मग मुरूम लागे, मग खडक, आणि टिकाव हातात झिणझिणत राही. खोदताना मधे मातीचा एक खुंट तसाच ठेवत. त्याच्या उंचीवरून खोली मोजायची आणि त्या मापावर मजुरी. रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला. त्याच्या आधी या माणसांचं काम झालं होतं.

खोदणारे गेले, मग कालव्याचं पाणी सांभाळणारा आणि वाटणारा पाटकरी आला. माझ्या मते कालवा खणण्याइतकंच कष्टाचं काम त्याचं. आवर्तन सुटलं की रात्र त्याची. हातात बॅटरी आणि काठी. खेकड्यानं, उंदरानं पाडलेलं भोक वेळीच दिसलं नाही तर पहाटेपर्यंत भराव फुटतो. वरचे शेतकरी गेट सोडू देत नाहीत, कालव्याच्या शेवटच्या टोकाचे, टेलचे, वाट पाहून चिडलेले असतात. दोघांचं बोलणं खाऊन तो पाणी पुढं नेतो.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी लातूरला आलं, तेव्हा शहराला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्या गाडीची छायाचित्रं देशानं पाहिली. धरण आटलं की चाऱ्याही आटतात, तिथं बाभळी उगवतात, काळी माती आकसून आणि फुगून अस्तराला तडे पाडते. याचं छायाचित्र कुणी घेत नाही. पाटकरी निवृत्त होतात, जागा रिकाम्या राहतात. 2005 च्या कायद्यानं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे द्यायचं ठरवलं, ते चांगलंच. पण रात्री भरावावर चालणारे पाय तरीही लागतातच.

बाहत्तरला टोपली उचललेली माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत. तुमच्या गावात असं कुणी असेल तर या उन्हाळ्यातच जाऊन बसा. कुठल्या कामावर होता, मुकादम कोण, हजेरी किती, सगळं विचारा आणि त्यांच्या नावासकट लिहून ठेवा.