दाराचे रबर

आई अंथरुणाला खिळल्यापासून आमच्या घरी रोज दोन-तीन चादरी धुवाव्या लागत. त्यासाठी आम्ही उभयतांनी समोरून दार उघडणारे वॉशिंग मशीन घेतले. त्याचा ड्रम आडवा फिरतो. कपडे वर जाऊन पुन्हा पाण्यात पडतात, त्यामुळे ड्रम भरून पाणी लागत नाही. पनवेलकरांना याचे महत्त्व सांगावयास नको. आमचे देहरंगचे धरण लहान. पावसाळ्यात ते भरून वाहते आणि उन्हाळ्यात आम्ही पिंपे भरून ठेवण्याच्या मागे लागतो.

२०२३ च्या जुलैत एका सकाळी मशीनखाली पाणी साचलेले दिसले. दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले. दोष कोणाचा हे ठरवावयास आम्हांला वेळ लागला नाही. कामाला येणाऱ्या मावशी साबणाची पूड जरा सढळ हाताने टाकीत, हे आम्ही पाहिले होते. फेस फार झाला तर तो दारावाटे बाहेर येतो, हेही खरे. "मावशी, उद्यापासून मशीनला तुम्ही हात लावू नका," असे आम्ही म्हणालो. शब्द सौम्य होते, स्वर नव्हता. "बरं," म्हणून त्या भांड्यांकडे वळल्या. त्यानंतर काम उरकून त्या मुकाट्याने निघून जाऊ लागल्या. जाण्यापूर्वी आईच्या उशाशी घटकाभर बसण्याचा त्यांचा परिपाठ होता, तोही सुटला. आई दाराकडे पाहत राही.

चादरी आता हाताने धुतल्या जात आणि त्या पावसात वाळता वाळत नसत. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी वाकूनही न पाहता नवे मशीन घेण्याचा सल्ला दिला. अखेर दारावरचा मॉडेल क्रमांक दाखवून आम्ही दाराचे रबर तेवढे विकत आणले आणि एका रविवारी दुपारी स्वतःच कामाला बसलो.

हे रबर म्हणजे नुसती पट्टी नव्हे. मशीनचा पुढचा पत्रा स्थिर असतो, तर आतली टाकी स्प्रिंगांवर लोंबकळत हादरत असते. या दोहोंना जोडायचे आणि पाणीही अडवायचे, म्हणून पेटीच्या भात्यासारख्या घड्या असलेले रबर तेथे बसवतात. वीज आणि नळ बंद करून आम्ही बाहेरचे तारेचे कडे काढले, दाराच्या कुलपाची वायर सोडवून पुढचा पत्रा उतरवला, आतल्या कड्याचा स्क्रू सैल केला. जुने रबर हातात आले. खालच्या घडीतील पाणी निथळण्याची भोके केसांनी व धाग्यांनी बुजली होती आणि सारी घडी बुरशीने काळी पडली होती. मावशी जाताना मशीनचे दार किलकिले ठेवीत. ते बरे दिसत नाही म्हणून आम्ही ते मागाहून लावून घेत असू!

त्याच घडीत पत्र्याचा एक बिल्ला होता. चर्चच्या सणाला स्वयंसेवकांना मिळालेला. घरात तो एकाच्याच सदऱ्यावर होता, आणि तो सदरा मशीनमध्ये कोणी टाकला हेही आम्हां दोघांना ठाऊक होते. पिनेने रबर बोटभर चिरले होते. बराच वेळ कोणीच काही बोलले नाही.

टाकीची कड पुसून आम्ही नवे रबर बसवले. त्यावरील त्रिकोणी खूण वर, टाकीच्या खुणेसमोर आणावी लागते. तरच भोके बरोबर तळाशी येतात. कडा सरकावी म्हणून साबणाचे पाणी लावले. तारेचे कडे मात्र चार वेळा निसटले.

सोमवारी आम्ही तो बिल्ला मावशींपुढे ठेवला आणि चूक आमची होती असे सांगितले. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "साबण माझ्याकडून जास्त पडतोच कधीकधी," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरे, असे आम्हांला वाटले. मग चादरी मशीनमध्ये घालून त्या आईच्या खोलीत गेल्या. आम्ही दारापुढे कोरडे फडके अंथरून बसलो. मशीन घुमू लागले. आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. फडके कोरडेच होते.