दोन चकत्यांचा हिशेब

बार्शीच्या भुसार पेठेतील एका घराची मोटार सकाळी गार हवा देई आणि दुपारी, नेमकी गरज असे तेव्हा, गरम. गाडी ११ वर्षांची. गॅरेजने संपूर्ण कंप्रेसर बदलावयास सांगितला. खर्च २२ हजार रुपये. चारच दिवसांनी सून दीड महिन्याच्या बाळाला घेऊन पुण्याच्या माहेराहून यावयाची होती, आणि दिवस वैशाखाचे.

मुलाचे म्हणणे, ही गाडी काढून हप्त्यावर नवी घ्यावी. कर्ज मालावर काढावे, वाहनावर नव्हे, एवढेच अण्णा म्हणाले आणि गप्प झाले. हल्ली ते गप्पच असत. दुकानात संगणक आल्यापासून त्यांनी खतावणीला हात लावला नव्हता. अण्णांनी रुसवा धरला आहे, असे मुलाने मनाशी ठरवूनच टाकले होते.

“सकाळी चालणारा कंप्रेसर दुपारी मेला कसा?” अण्णांनी विचारले. तारुण्यात पेढीच्या टेंपोची बहुतेक दुरुस्ती त्यांनी स्वहस्ते केली होती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, हवा गरम येत असताना, त्यांनी मुलाला मल्टिमीटर लावावयास सांगितले. कॉइलपर्यंत वीज पूर्ण पोचत होती. प्लेट मात्र ओढली जात नव्हती.

कंप्रेसरची पुली इंजिनाबरोबर सदैव फिरत असते. एसी लावला की कॉइलचे चुंबक होते, ते समोरची क्लच प्लेट पुलीवर ओढून घेते आणि मगच कंप्रेसर फिरू लागतो. या दोहोंमधील फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने ती रुंदावते. त्यातच तांब्याची तार ६० अंशांनी अधिक तापली की तिचा रोध सुमारे चौथ्या हिश्श्याने वाढतो, प्रवाह घटतो आणि चुंबक दुबळे पडते. थंड असताना जी फट ओलांडता येते, ती दुपारी येत नाही. गॅरेजवाल्याला लबाड म्हणणे सोपे आहे. पण अशा बारीक कामाला अर्धा दिवस जातो आणि त्याची मजुरी द्यावयास गिऱ्हाईक कुरकुरते, हेही खरेच.

रविवारी इंजिन पूर्ण निवल्यावर बॅटरीची ऋण तार सोडवली, गाडी स्टँडवर घेतली, पुढचे चाक काढले. गॅसच्या नळ्यांना हात लावावा लागणार नव्हता; लागणार असता तर अण्णांनी हे काम घरी मांडलेच नसते. फीलर गेजने फट भरली ०.९ मिलिमीटर. जुन्या कातडी पट्ट्याने प्लेट धरून मधला बोल्ट सोडवला. प्लेटच्या मागे, दांड्यावर, वॉशरसारख्या दोन पातळ चकत्या होत्या: एक ०.५ ची, दुसरी ०.२ ची. त्यांनाच शिम म्हणतात.

“दोन्ही काढून टाक,” अण्णा म्हणाले. प्लेट पुन्हा बसवून, पट्टा सैल करून पुली हाताने फिरवली, तर ती एका बाजूस खर्रकन घासली. फट ०.२ उरली होती. अशी गाडी चालवली असती तर प्लेट सतत घासून जळाली असती.

“घाई माझीच. पातळ चकती परत घालू,” असे म्हणून अण्णांनी ती चिमटीत धरली. ती पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मुलाने त्यांच्या बोटांकडे पाहिले. बोटे थरथरत होती, आणि ती थरथर आजची नव्हती.

“कधीपासून, अण्णा?”

“दिवाळीपासून. आकडे वाकडे यायला लागले. लक्ष्मीपूजनाच्या वहीत खाडाखोड नको, म्हणून लिहिणंच सोडलं.”

मुलगा काही बोलला नाही. चकती त्याने पुसली, दांड्यावर बसवली, बोल्ट आवळला. अण्णा बॅटरी धरून प्लेटला चारी बाजूंनी गेज घालावयास सांगत होते. फट सगळीकडे ०.४ भरली. सोमवारी दुपारी दोन वाजता भर उन्हात गाडी तासभर चालवली. क्लचचा टक्क आवाज दर वेळी स्वच्छ आला. संध्याकाळी मुलाने सोलापूरच्या डॉक्टरांची वेळ घेतली, ती गुरुवारची मिळाली. मंगळवारी पहाटे गाडी पुण्याला निघाली.

गाडीच्या खर्चाची एक वेगळी छोटी वही अण्णांनी पहिल्या दिवसापासून ठेवली आहे. निघण्याआधी ती त्यांनी मुलापुढे सरकवली. त्याने तारीख घातली, शिम एक काढली, फट ०.४, खर्च शून्य, असे लिहिले.

“गेजचे १८० रुपये राहिले,” अण्णा म्हणाले. “तेही लिही.”