जयपुरांतील एक खोली

नाताळच्या सुटींत आम्ही घरचीं २३ माणसें जयपुरास गेलों. हॉटेलांत ९ खोल्या मिळाल्या. वाड्याच्या वाटण्या झाल्यापासून एकमेकांशीं जेमतेम बोलणाऱ्या दादांना व आम्हांस मुलांनीं एकाच खोलींत घातलें!

सवाई जयसिंहाच्या जंतरमंतरांतील सम्राट यंत्राची छाया सेकंदास सुमारें १ मिलिमीटर सरकते. ती चालतांना चक्क दिसते. तिनें दाखविलेल्या वेळेहून दादांचें घड्याळ जवळजवळ अर्धा तास पुढें होतें.

“यंत्र चुकलें,” दादा म्हणाले.

आपलीं घड्याळें ८२½ अंश रेखांशाच्या वेळेवर चालतात. जयपूर त्याच्या पश्चिमेस, म्हणून तेथें सूर्य मागाहून माथ्यावर येतो, हें आम्हीं सांगितलें. दादा गप्पच राहिले.

रात्रीं थंडी कडक पडली. दिवा मालवितांना ते म्हणाले, “अरे, तो रेखांशाचा हिशेब पुन्हा सांग पाहूं.”