ओसरीवरचे हसणे

श्रद्धेने मनुष्याच्या आयुष्यात पालट होतो, असे आपण सहज म्हणून जातो. पण तो पालट नेमका कोठे होतो, याचा विचार करण्याचे श्रम मी पन्नाशी उलटेपर्यंत घेतले नव्हते. ख्रिस्ती धर्माविषयी तर माझी कल्पना फारच ढोबळ होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आप्तस्वकीय दुरावले, आणि पुढे काही वर्षांनी सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईही त्याच वाटेने गेल्या, हे 'स्मृतिचित्रे' वाचून ठाऊक होते. तेव्हा पालट म्हणजे धर्मांतर, एवढेच समीकरण मनात बसले होते.

२०१९ साली आमच्या गावी, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेस, भरणाऱ्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. काहींनी विरोध केला. आमच्या ओसरीवर रोज पान लावावयास येणारे एक वडीलधारे आप्त म्हणाले, "आता पाद्रीबुवा आम्हांला मराठी शिकविणार!" सर्व हसले. मीही हसलो. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालचे, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवीत आलो होतो, तरी हसलो.

जानेवारी २०२० मध्ये, प्रकृती ठीक नसतानाही, ते आले. त्यांना पाहताना मला माझ्या समीकरणातली चूक उमगली. हा गृहस्थ वसईचा, जन्माचाच ख्रिस्ती. त्याला धर्म बदलावयाचा नव्हताच. 'सुवार्ता' मासिक चालवावे, बायबल सुबोध मराठीत आणावे, एवढे केले असते तरी त्याची कीर्ती झाली असती. परंतु वसईची हिरवी भूमी गिळंकृत होऊ लागली आणि गुंडगिरी माजली, तेव्हा हा धर्मगुरू वेदी सोडून रस्त्यावर उतरला. 'हरित वसई'च्या चळवळीत लोकांना घेऊन उभा राहिला. श्रद्धेने त्याचे नाव पालटले नाही, गाव पालटले नाही. भय मात्र काढून घेतले.

संमेलनाच्या नगरीस गोरोबाकाकांचे नाव होते. तेर आमच्या जवळच. विठ्ठलनामात रंगून चिखल तुडविताना पायाखाली आपले तान्हे मूल आले, हे ज्यांना कळले नाही, ते गोरोबा! लहानपणी ही कथा ऐकताना सगळे हात जोडीत. मला मात्र त्या मुलाचीच आठवण येऊन झोप येत नसे. (आई यावरून रागवे.) इतक्या वर्षांनी, मांडवात बसलो असता, पायाखाली काय येते आहे ते पाहावयास लावणारी भक्तीही असू शकते, असे प्रथमच वाटले, आणि लागलीच ओसरीवरचे माझे हसणे आठवले.

२५ जुलै २०२४ रोजी फादर गेले. बातमी वाचून त्या आप्तांनी पुन्हा तसाच एक विनोद केला. या वेळी मी म्हणालो, "काका, हे माझ्या ओसरीवर नको." आवाज कापत होता, हे कबूल करावयास हवे. ते काही न बोलता उठले.

हल्ली ते येत नाहीत. त्यांचा अडकित्ता अजून कोनाड्यातच आहे.